होम लोन: फुकट काम करणारा एजंट की १८ हजार फी घेणारा सल्लागार?

वर्षा_पाथर्डीफाटा

नमस्कार. प्रश्न लांबलाय, पण आकडे दिल्याशिवाय कोणी नेमकं सांगू शकणार नाही, म्हणून सगळं लिहिते.

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ एक रीसेल टू बीएचके पसंत पडलाय. ६२ लाखांत ठरलं. बिल्डिंग अकरा वर्षांची, सोसायटी रजिस्टर्ड, लिफ्ट नीट चालते (सासूबाईंच्या गुडघ्यांमुळे हे आधी बघितलं, बाकीचं नंतर). विकणाऱ्यांचं स्वतःचं लोन अजून फिटलेलं नाही, १९ लाख बाकी आहेत, त्यामुळे मूळ कागद त्यांच्या बँकेत. आम्हाला ४५ लाख कर्ज लागेल.

मी अनुदानित शाळेत शिक्षिका. वय ४१, पगार हातात ६४ हजार. मिस्टरांचं अंबडला छोटं वर्कशॉप आहे, एका व्हीएमसीवर (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) जॉबवर्क चालतं. त्यांचं वय ४४. रिटर्न दर वर्षी वेळेवर भरतो, गेल्या वर्षीचा निव्वळ नफा ७ लाख २० हजार. मशीनच्या कर्जाचा हप्ता २१ हजार, तो अजून दोन वर्षं आहे. बाकी कोणाचं काही देणं नाही.

आता दोन माणसं समोर आहेत.

पहिला, फ्लॅट दाखवणाऱ्या ब्रोकरनेच गाठून दिलेला एजंट. "मॅडम, तुम्ही मला एक रुपया द्यायचा नाही, मला बँक देते." घरी येऊन कागद घेऊन जातो, रात्री अकरालाही व्हॉट्सॲपला उत्तर देतो. त्याने एका हाउसिंग फायनान्स कंपनीचं लोन सुचवलंय, मुदत २५ वर्षं, "हप्ता हलका बसेल". सोबत १ लाख ६० हजारांचा एकरकमी विमा. तो "कंपल्सरी" आहे म्हणे, आणि पैसे आत्ता भरायचे नाहीत, कर्जातच टाकून मिळतील. महिनाअखेरच्या आत सह्या केल्या तर प्रोसेसिंग फी अर्धी.

दुसरे कॉलेज रोडला ऑफिस असलेले सल्लागार. फी १८ हजार अधिक जीएसटी, म्हणजे २१,२४०. निम्मी आधी, निम्मी सॅंक्शन लेटर आल्यावर. त्यांचं म्हणणं, "मी तुमच्या बाजूचा माणूस, एजंट बँकेच्या बाजूचा." बोलणं पटतं. पण मिस्टर म्हणतात, एक जण जे काम फुकट करतोय त्याला एवढे कशाला मोजायचे, तेवढ्यात मशीनचा एक हप्ता जातो.

मला उलटं वाटतं. फुकट काम करणाऱ्याचं घरही कशावर तरी चालत असणारच. कोणाकडे जावं?

अंबडकर_७१

ताई, मी पण वर्कशॉपवालाच. माझं मत एजंटला.

नोकरदाराचं ठीक असतं, पगाराची स्लिप दाखवली की काम झालं. आपल्या धंदेवाल्यांचा रिटर्न बघितला की शाखेतला साहेब चष्म्यावरून बघायला लागतो. माझ्या एजंटला माहीत होतं कुठली बँक नफ्यात घसारा (मशीनची झीज म्हणून वजा केलेली रक्कम) परत मिळवून उत्पन्न धरते आणि कुठली नाही. व्हीएमसी असेल तर घसारा चांगला लागतो, त्यामुळे हे लहान काम नाही. पीडीला, म्हणजे बँकेचा माणूस वर्कशॉपवर येऊन चौकशी करतो ना त्याला, काय काय विचारणार हेही त्याने आधीच सांगून ठेवलं होतं: लाइटबिल, कामगार किती, मोठी पार्टी कोणती, बिल किती दिवसांनी सुटतं. सोसायटीच्या एनओसीसाठी सेक्रेटरीच्या मागे तोच फिरला.

फीवाल्यांचा अनुभव मित्राचा. पंधरा हजार घेतले आणि फाइल नेऊन दिली एका एजंटलाच. मग मधे हे कशाला?

विम्याला मात्र नाही म्हणा. तेवढं ठाम राहिलात की बस.

कर्जखाते_निवृत्त

वर्षाताई, मी सरकारी बँकेच्या कर्ज विभागात होतो, शेवटची वर्षं गृहकर्जाच्या प्रोसेसिंग सेंटरवर. एजंटांच्या फाइली रोज हाताखालून जायच्या. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

आधी पैसा कुठून निघतो ते. एजंटला (बँकेत त्याला डीएसए म्हणतात) कर्जाचं वाटप झालं की त्या रकमेवर टक्केवारी मिळते. बँकेप्रमाणे आणि महिन्याच्या धंद्याच्या स्लॅबप्रमाणे (धंदा जास्त तर टक्का जास्त) ती बदलते, साधारण पाव टक्क्यापासून एक टक्क्यापर्यंत. अर्धा टक्का धरला तर ४५ लाखांवर २२,५०० झाले. कॉलेज रोडच्या साहेबांची फी जवळपास तेवढीच आहे. महिनाअखेरची घाई का, तेही स्लॅब म्हटल्यावर तुमच्या लक्षात आलं असेल.

आता लोकांचा एक समज असतो की एजंट मुद्दाम महाग व्याजाचं कर्ज गळ्यात मारतो. सरसकट असं नसतं. त्याची खरी भीती वेगळी: फाइल रिजेक्ट झाली तर महिनाभराची पायपीट शून्य भावात जाते. म्हणून फाइल कशीही करून पास व्हावी हे त्याचं पहिलं ध्येय. आणि पास करायचा सगळ्यात सोपा रस्ता म्हणजे मुदत वाढवणे. मुदत वाढली की हप्ता उतरतो, हप्ता उतरला की तुमची पात्रता कागदावर वाढते. तुमची २५ वर्षं तिथून आली.

हिशेबाला सोपा म्हणून ८ टक्के दर धरतो, कर्ज ४५ लाख.

२५ वर्षं: हप्ता ३४,७३२, एकूण फेड १ कोटी ४ लाख २० हजार.
२० वर्षं: हप्ता ३७,६४०, एकूण ९० लाख ३४ हजार.
१७ वर्षं: हप्ता ४०,४२२, एकूण ८२ लाख ४६ हजार.

सतरा का घेतली? तुम्ही ५८ व्या वर्षी निवृत्त होणार. पंचवीस वर्षांच्या कर्जात शेवटचा हप्ता भरताना तुम्ही ६६ च्या आणि मिस्टर ६९ चे असाल. शिवाय तुमचं वय बघता तुम्ही १ नोव्हेंबर २००५ नंतरच नोकरीला लागलेल्या असणार, म्हणजे जुन्या पेन्शनवर विसंबून हप्ते लांबवायची सोयही नाही.

सतरा आणि पंचवीसमध्ये फरक महिन्याला ५,६९० रुपयांचा, आणि शेवटी सुमारे पावणेबावीस लाखांचा. याउलट दरात पाव टक्का घासाघीस करून कमी केलात, म्हणजे ८.२५ चे ८ केलेत, तर २० वर्षांच्या कर्जात हप्ता ७०३ रुपयांनी उतरतो आणि एकूण १ लाख ६९ हजार वाचतात. तेही सोडायचे नाहीतच. पण लोक सगळा जोर त्या पाव टक्क्यावर लावतात आणि मुदतीच्या रकान्यात एजंट जो आकडा लिहील त्यावर सही करतात.

तुमची फाइल मुळात कमजोर आहे का, तेही बघू. तुमचे ६४ हजार आणि नफ्याचे महिना ६० हजार, एकूण १ लाख २४ हजार. मशीनचा हप्ता २१ हजार आणि सतरा वर्षांचा घराचा ४०,४२२ मिळून ६१,४२२. निम्म्याच्या आत बसतंय. बँका उत्पन्न बघून साधारण पन्नास ते साठ टक्क्यांपर्यंत हप्ते चालवून घेतात. अंबडकर म्हणतात तसा घसारा मिळवला तर आणखी सोपं. म्हणजे २५ वर्षांची गरज तुमच्या फाइलला नाही.

तरी मी सतराचा हट्ट धरणार नाही. दोन वर्षं ६१ हजार बाहेर जाणार आणि जॉबवर्कचा धंदा, पार्टीने बिल अडवलं की महिना कोरडा. वीस वर्षांचं घ्या, आणि मशीन फिटलं की त्या सुटलेल्या २१ हजारांतला काही भाग इकडे वळवा. फ्लोटिंग (बदलत्या) दराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतीआधी फेडीचा दंड घेता येत नाही, बँकांना २०१२ पासून रिझर्व्ह बँकेचा तसा आदेशच आहे. जादा भरताना शाखेला लेखी सांगा की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. सांगितलं नाही तर काही ठिकाणी उलटं करतात.

हे एजंट तुम्हाला का सांगत नाही? माणूस वाईट आहे म्हणून नव्हे. हे सांगायचे त्याला कोणी पैसे देत नाही. फी घेणाऱ्याचा उपयोग असलाच तर इथे आहे. पण फी घेतो म्हणून तो आपोआप तुमच्या बाजूचा होत नाही. कॉलेज रोडच्या साहेबांना हे विचारा: तुमच्याकडे कुठल्या बँकेचा डीएसए कोड आहे का? असेल तर माझ्या फाइलवर मिळणाऱ्या कमिशनचं काय करणार? आणि ४५ ऐवजी ३८ लाखच घ्या, किंवा सध्या थांबा, असा सल्ला दिलात तरी फी तीच राहील का? उरलेली निम्मी फी सॅंक्शनवर अवलंबून आहे, म्हणजे सॅंक्शन व्हावं यात त्यांचाही जीव अडकलेला आहेच. काही सल्लागार फी कर्जाच्या टक्क्यात सांगतात. तो एजंटच झाला, फक्त पैसे तुमच्या खिशातून. तुमच्यांनी निदान ठरीव आकडा सांगितलाय, हे बरं.

दाद मागायची वेळ आली तर एक फरक आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. डीएसए बँकेने नेमलेला असतो, त्याच्या वागण्याची जबाबदारी बँकेवर येते. बँकेकडे लेखी तक्रार करा, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, २०२१ पासून सगळ्यांसाठी एकच योजना आहे. खासगी कर्ज सल्लागाराच्या डोक्यावर असा कोणी नाही. त्याच्याशी बिनसलं तर ग्राहक आयोग. कोणी सेबी नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागार असेल तर त्याला ज्यांना सल्ला देतो त्यांच्याकडून फीच घ्यावी लागते, कमिशन चालत नाही. असा माणूस तुमचं सगळं बजेट बसवून देईल, मात्र बँकेत फाइल घेऊन धावणार नाही.

विमा. कर्जासाठी आयुर्विमा घ्या अशी सक्ती नाही. १ लाख ६० हजार कर्जात टाकले की २५ वर्षांत त्याचे महिना १,२३५ प्रमाणे ३ लाख ७० हजार होतात. विमा हवाच, मिस्टरांचा तर नक्की हवा, पण साधा टर्म प्लॅन वेगळा घ्या, हप्त्याने भरा. सह्यांच्या दिवशी सावध राहा. एजंटच्या फाइलला जिथे सही हवी तिथे पिवळ्या चिकट पट्ट्या लावलेल्या असतात. हप्ता कापायचं मॅंडेट आणि करारनामा यांच्या मधे विम्याचं संमतीपत्र असतं, त्यालाही तशीच पट्टी. तिसाव्या सहीनंतर माणूस फक्त पट्टी बघतो, कागद बघत नाही. आमच्याकडे "मला विमा कोणी सांगितलाच नाही" म्हणत आलेल्या प्रत्येकाची सही त्या कागदावर स्वच्छ असायची.

हाउसिंग फायनान्स कंपनीबद्दल एवढंच: बँकांना १ ऑक्टोबर २०१९ पासून नवीन फ्लोटिंग गृहकर्ज बाहेरच्या दराशी जोडावं लागतं, बहुतेकांनी रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याच्याशी, जोडलंय. रेपो हलला की तीन महिन्यांच्या आत तुमचा दर हलतो. २०२५ मध्ये रेपो ६.५० वरून ५.२५ वर आला, तो फायदा या कर्जदारांना न मागता मिळाला. हाउसिंग फायनान्स कंपन्यांवर तशी सक्ती नाही, त्या स्वतःचा दर ठरवतात. काही चांगल्या चालवतात, पण तुमच्यासारख्या फाइलने आधी बँकेचंच दार वाजवावं.

आणि एजंटच्या कामाचं मोल कुठे आहे तेही सांगतो, नाहीतर अंबडकर रागावतील. विकणाऱ्याचं १९ लाखांचं कर्ज. तुमच्या बँकेने ते त्यांच्या खात्यात भरायचं, त्यांच्या बँकेने बंद करायची रक्कम आणि ठेवलेल्या कागदांची यादी लिहून द्यायची, मग मूळ कागद थेट तुमच्या बँकेच्या ताब्यात यायला हवेत. या अदलाबदलीत दोन शाखा, दोन वकील आणि विकणारा एकाच दिवशी जागेवर असावे लागतात. मुरलेला एजंट हे सुरळीत पार पाडतो. सल्लागार साहेब स्वतः त्या शाखेत जाऊन बसणार आहेत का, विचारा.

माझा क्रम असा राहील. आधी पगार ज्या बँकेत होतो त्या शाखेत स्वतः जा. ज्या बँकेचा कोड एजंटकडे नाही तिचं नाव तो घेणार नाही. तिथे काय म्हणतात ते कळेपर्यंत एजंटला लेखी कळवा की माझ्या परवानगीशिवाय फाइल कुठेही लॉगिन (अर्ज दाखल) करू नका. एकदम चार ठिकाणी लॉगिन केलं की चार चौकशा सिबिलला दिसतात.

रेडिंगकर_सुहास

इकडे इंग्लंडमध्ये हाच प्रश्न आम्हाला पडला होता, फक्त इथे तो जरा उघड्यावर असतो. ब्रोकर एफसीएकडे (इथली आर्थिक व्यवहारांची नियामक संस्था) नोंदलेला लागतो. तो तुमच्याकडून फी घेणार का, किती, हे सुरुवातीलाच लेखी द्यावं लागतं, आणि बँकेकडून त्याला मिळणारं कमिशन तुमच्या ऑफरच्या कागदात छापून येतं. साधारण ०.३५ ते ०.४ टक्के. त्यावर वर पुन्हा चार-पाचशे पौंड फी घेणारेही भरपूर आहेत. म्हणजे दोन्ही खिसे भरतात, पण तुम्हाला सांगून भरतात.

फरक असा की इथे बहुतेकांचा दर दोन किंवा पाच वर्षांपुरता फिक्स असतो. तो संपला की नवीन दर लावून घ्यायचा, आणि दर वेळी ब्रोकरला पुन्हा कमिशन. आमचा ब्रोकर दोन वर्षांचंच फिक्स घ्या म्हणून मागे लागला होता, आम्ही पाच घेतलं. कारण त्याने काहीही सांगितलं असेल, मला आपला संशय.

जादा भरायचं तर इथे फिक्स काळात सहसा वर्षाला दहा टक्क्यांची मर्यादा असते, त्यापुढे दंड. तुमच्याकडे कधीही कितीही भरता येतं ही फार मोठी सवलत आहे. काकांनी सांगितलेली वीस वर्षांची युक्ती इथे एवढी सहज जमत नाही.

तन्मयी_कोथरूड

विम्याबद्दल. माझ्या भावाने सही केल्यावर लक्षात आलं की ९० हजारांची पॉलिसी कर्जात घातली आहे. एजंट म्हणाला आता काही होत नाही. पण पॉलिसीचे कागद हातात आल्यापासून तीस दिवसांत ती परत करता येते. २०२४ पासून तीस, आधी पंधरा दिवस होते. आम्ही विमा कंपनीला ईमेल केला, शाखेत जाऊन पोच घेतली. मधल्या दिवसांचा खर्च आणि स्टॅम्प कापून बाकी पैसे कर्ज खात्यात जमा झाले.

पण तिथेच थांबू नका. पैसे जमा झाले तरी हप्ता जुनाच चालू राहिला. मूळ रक्कम कमी झाली म्हणून नवीन तक्ता मागून घ्यावा लागला. तो मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

आणि जरा विषय सोडून: घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर महाराष्ट्रात महिलेला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ६२ लाखांवर ६२ हजार. तुमच्या सल्लागाराच्या फीच्या जवळपास तिप्पट! एजंट किंवा सल्लागार, कोणी बोलले का हे?

वर्षा_पाथर्डीफाटा

सगळ्यांचे आभार. नाही, तन्मयी, कोणीच बोललं नाही.

काकांचे प्रश्न कॉलेज रोडच्या सल्लागारांना जसेच्या तसे विचारले. थोडा वेळ पेन फिरवत बसले. मग म्हणाले कोड आहे, दोन बँकांचा, "पण ते वेगळं, फी माझ्या वेळेची आहे". कमी कर्जाचा सल्ला दिला तरी फी तीच. कमिशन परत देणार का, यावर "असं कोणी करत नाही मॅडम". वर हेही म्हणाले की यंदाचा रिटर्न जरा "बसवून" घेऊ, म्हणजे मोठी रक्कम मिळेल. मिस्टर तिथून उठलेच.

पगाराच्या शाखेत जाऊन आले. मॅनेजर बाईंनी व्यवस्थित ऐकून घेतलं. वीस वर्षं चालेल म्हणाल्या, कारण मिस्टर सहकर्जदार आहेत. विम्याचं पान दिलं, सक्ती नाही असंही स्वतःहून सांगितलं. फक्त विकणाऱ्यांच्या कर्जाचं म्हटल्यावर म्हणाल्या, तेवढं पाठपुराव्याचं तुम्हालाच बघावं लागेल, माझ्याकडे माणूस नाही.

आता अडचण तिथे आहे. मला शाळा, यांना वर्कशॉप. आणि काका, घर एकटीच्या नावावर घेतलं आणि कर्ज दोघांच्या, तर चालतं का? एजंट म्हणतो दोघांचं नाव लावावंच लागतं.

कर्जखाते_निवृत्त

चालतं. घराच्या प्रत्येक मालकाला कर्जात यावं लागतं, पण कर्जातल्या प्रत्येकाने मालक असण्याची गरज नसते. मिस्टर मालक नसतील तर त्यांना व्याजाची वजावट घेता येणार नाही. नवीन करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजाची वजावट तशीही नाही, तेव्हा दोघं कुठल्या प्रणालीत आहात ते सीएला विचारून ठरवा. तन्मयीने चांगली आठवण केली. त्यात एक मी घालतो: किंमत पन्नास लाखांच्या वर आहे, म्हणून एक टक्का टीडीएस तुम्हालाच कापून भरायचा आहे, विकणाऱ्याच्या पैशातून. राहिलं तर नोटीस तुमच्या नावावर येते, एजंटच्या नाही.

रिटर्न "बसवून" देणाऱ्यापासून उठून आलात ते छान केलंत. खोट्या कागदावर सही तुमची असते, त्याचं नाव फाइलमध्ये कुठेच सापडत नाही.

पाठपुराव्याला माणूस हवा असेल तर त्यासाठी कर्ज सल्लागार नको. ज्या वकिलाकडून तुम्ही स्वतःसाठी सर्च रिपोर्ट (घराच्या मालकीची जुन्या नोंदींवरून केलेली तपासणी) काढून घेणार आहात (बँकेचा वकील बँकेसाठी बघतो, तुमचा वेगळा हवा), त्यांच्याकडे बहुधा असा कारकून असतो जो दोन्ही शाखांत कागद फिरवतो. त्याचे पैसे ठरवून द्या. किंवा त्याच बँकेचा कोड असलेला एजंट धरा आणि मॅनेजर बाईंना आधी विचारा की त्याच्या नावाने फाइल गेली तर दरात किंवा फीमध्ये काही बदल होतो का. नसेल तर खुशाल जाऊ द्या, त्याला त्याचे पैसे मिळू देत, तो ते कमावेल. फक्त मुदतीचा रकाना तुम्ही स्वतः भरा.

अंबडकर_७१

मी हेच तर म्हणत होतो काका.

कर्जखाते_निवृत्त

निम्मं म्हणत होतात.

वर्षाताई, सह्यांच्या आधी बँकेकडून केएफएस (की फॅक्ट्स स्टेटमेंट, कर्जाच्या मुख्य अटी) घ्या, एक-दोन पानी तक्ता असतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक नवीन किरकोळ कर्जाला तो करार करण्याआधी द्यावाच लागतो, तुम्हाला समजेल अशा भाषेत, आणि किमान तीन कामकाजाचे दिवस त्यातल्या अटी कायम राहतात. "आजच सही करा" म्हणाले तर हे तीन दिवस दाखवा. त्यात प्रोसेसिंग फी, वकील, व्हॅल्युएशन, विमा असं सगळं धरून काढलेला वार्षिक टक्केवारीचा दर असतो. एजंटच्या ऑफरचा आणि शाखेच्या ऑफरचा तोच आकडा शेजारी ठेवून बघा. केएफएसमध्ये नसलेला खर्च तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही.

दोन्ही आले की पॅन आणि खाते नंबर झाकून इथे टाका, बघून सांगतो.